विरुंगाची वाट : पर्वतीय गोरिला आणि त्याचा माग काढणारी माणसे



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी आठवीपासून अकरावीपर्यंत बसलो. इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय त्यांच्याकडे असत, आणि एक विषय कोठे संपून दुसरा कोठे सुरू झाला हे आम्हांला कधी कळले नाही. वर्गाच्या भिंतीवर आफ्रिकेचा एक जुना नकाशा होता. तो छापला गेला तेव्हा जवळजवळ सारी आफ्रिका कोणा ना कोणा युरोपीय सत्तेच्या ताब्यात होती. पुढे एकेक देश स्वतंत्र होत गेला, तसतशी सर कागदाची चिठ्ठी कापीत, तिच्यावर बारीक अक्षरांत नवे नाव लिहीत आणि खळीने ती नकाशावर चिकटवीत. नवा नकाशा घ्यायला शाळेपाशी पैसे नव्हते हे एक कारण. पण जुने नाव खाली राहिले पाहिजे, असेही ते म्हणत. 'रुआंडा-उरुंडी' या नावावर दोन चिठ्ठ्या लावायच्या होत्या आणि जागा होती करंगळीच्या नखाएवढी.

त्या नखाएवढ्या जागेच्या कडेला असलेल्या एका डोंगररांगेविषयी मी आज बोलणार आहे. इतिहासाच्या अध्यापकाने गोरिलांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु पर्वतीय गोरिला पाहण्यासाठी माणसे त्या डोंगरावर चढू लागली, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. ती कोण होती, हातात काय घेऊन चढली आणि त्यांच्या पुढे कोण चालत होते, हा प्रश्न सर्वस्वी इतिहासाचा आहे. २०१८ साली ती वाट मीही चढून आलो. त्याविषयी शेवटी सांगेन.

प्रथम स्थळाची ओळख. रवांडा, युगांडा आणि कांगो या तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात तेथे विरुंगा नावाची आठ ज्वालामुखींची रांग आहे. त्यांतील कारिसिम्बी हे सर्वांत उंच शिखर ४,५०७ मीटरांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. या रांगेत, आणि तिच्या उत्तरेस युगांडातील ब्विंडी नावाच्या अरण्यात, एवढ्या दोनच ठिकाणी पर्वतीय गोरिला आढळतो. जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात तो नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात २०१४ पर्यंत असलेला पोलो, किंवा २०२१ मध्ये जर्मनीहून तेथे आलेले दोन तरुण नर, हे पश्चिम आफ्रिकेच्या सखल अरण्यातील जातीचे. पर्वतीय गोरिला पाहायचा तर डोंगर चढावाच लागतो.

गोरिला हे नाव शास्त्रात आले १८४७ मध्ये, आणि ते पश्चिम आफ्रिकेतील जातीच्या निमित्ताने. पुढे १८६१ च्या सुमारास पॉल द्यू शायू या प्रवाशाने आपल्या शिकारीच्या कथा लंडनमध्ये सांगितल्या आणि छाती बडवीत माणसावर चालून येणारा राक्षस ही प्रतिमा युरोपच्या मनात रुजली. १९३३ मध्ये 'किंग काँग' चित्रपट निघाला तो त्याच वंशावळीतला. छाती बडवणे खरे आहे. पण तो बव्हंशी इशारा असतो, हल्ला टाळण्याचा उपाय असतो, हे समजण्यास माणसाला शंभर वर्षे लागली.

पर्वतीय गोरिलाची शास्त्राशी पहिली भेट बंदुकीच्या नळीतून झाली. १७ ऑक्टोबर १९०२ रोजी जर्मन पूर्व आफ्रिकेच्या सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे आपल्या तुकडीसह साब्यिन्यो पर्वतावर चढत होता. वरच्या बाजूस त्याला काळ्या, मोठ्या वानरांचा कळप दिसला. त्याने गोळ्या झाडून दोन पाडली. ती दरीत कोसळली आणि पुष्कळ खटाटोपानंतर त्यांतले एकच हाती आले. सांगाडा बर्लिनला गेला आणि १९०३ मध्ये पाउल मात्शी या शास्त्रज्ञाने या नव्या प्राण्याला बेरिंगेचेच नाव दिले. ज्याने मारले त्याचे नाव मेलेल्याच्या वंशाला कायमचे चिकटले. त्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना हा प्राणी ठाऊक होता आणि त्यांच्या भाषेत त्याला नावही होते. त्याची नोंद घेण्याची गरज कोणास वाटली नाही.

त्यानंतरच्या पाव शतकात संग्रहालयांसाठी आणि हौसेखातर विरुंगातील पन्नासाहून अधिक गोरिले मारले अथवा पकडले गेले. स्वीडनचे राजपुत्र विल्हेल्म यांच्या एकट्याच्या मोहिमेने चौदा मारले. आज आपण नाके मुरडतो. परंतु त्याच काळात आपल्याकडील संस्थानिकही वाघांच्या संख्येवर आपली थोरवी मोजत होते, आणि त्या वाघांसोबत काढलेली छायाचित्रे आपल्या माळव्यातील किती दिवाणखान्यांत अभिमानाने लावलेली होती हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. असो.

न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा कार्ल एक्ली १९२१ मध्ये मिकेनो पर्वतावर आला तोही मारण्यासाठीच. मृत प्राण्याचे कातडे घडीव आकृतीवर चढवून तो जिवंत भासावा अशी कला त्याने पूर्णत्वास नेली होती. त्याच्या मोहिमेने पाच गोरिले मारले. पण याच प्रवासात त्याने आपणच तयार केलेल्या कॅमेऱ्याने रानातील गोरिलांचे पहिले चलच्चित्रही टिपले. मारलेल्या नराचा शांत चेहरा पाहून आपण खुनी आहोत या भावनेपासून स्वतःला आवरणे किती कठीण गेले, हे त्याने पुढे प्रांजळपणे लिहिले. या एका माणसात दोन युगे शेजारी उभी दिसतात. परत गेल्यावर त्याने हा मुलूख राखून ठेवावा म्हणून खटपट केली आणि बेल्जमचे राजे पहिले आल्बर्ट यांनी १९२५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापिले. आफ्रिका खंडातील ते पहिले. १९२६ च्या नोव्हेंबरात एक्ली पुन्हा मिकेनोवर आला आणि तेथेच वारला. काबारा नावाच्या कुरणाच्या काठी त्याला पुरण्यात आले. त्याच्या पत्नी मेरी यांनी मोहीम पुरी केली. न्यूयॉर्कच्या दालनात १९३६ पासून ते गोरिले काचेआड उभे आहेत. त्यांच्यामागे मिकेनोच्या उतारावरून दिसणारा देखावा रंगवलेला आहे.

आता मी आपणांस एका माणसाकडे वळण्याची विनंती करतो. एक्लीच्या मोहिमेत माग काढण्याच्या कामावर सान्वेक्वे नावाचा एक स्थानिक मुलगा होता. आपल्याकडे ज्याला पागी म्हणत, तसा. मोडलेली काडी, चावून टाकलेला देठ, ओली विष्ठा यांवरून कळप कोणत्या दिशेस आणि किती वेळापूर्वी गेला हे सांगणारा. एक्ली मेला, महायुद्ध झाले. १९५९ मध्ये जॉर्ज शॅलर नावाचा तरुण अमेरिकन अभ्यासक त्याच काबारा कुरणावर आला, तेव्हा त्यालाही सान्वेक्वेची मदत झाली. १९६७ मध्ये डायन फॉसी तेथे आल्या, तेव्हा त्यांना माग काढण्याचे पहिले धडे देणाराही तोच, आता उद्यानाचा पहारेकरी झालेला सान्वेक्वे. ही हकिकत फॉसी यांनीच नोंदवून ठेवली म्हणून आपल्याला ठाऊक. एकाने बंदूक आणली, दुसऱ्याने वही आणली, तिसरी राहायलाच आली. तिघांच्याही पुढे तोच माणूस वाकून चालत होता. त्या तिघांवर चरित्रे आहेत. सान्वेक्वे त्यांच्या पुस्तकांतून काही वाक्यांपुरता येतो आणि पुन्हा झाडीत नाहीसा होतो.

शॅलर यांची रीत साधी होती आणि म्हणूनच क्रांतिकारक होती. ते बंदूक नेत नसत. लपून बसत नसत. गोरिलांना दिसेल अशा ठिकाणी, शक्य तो एकटे, स्वस्थ बसत. थोड्याच दिवसांत गोरिले त्यांना सरावले. हा प्राणी शाकाहारी, कुटुंबवत्सल आणि बुजरा आहे. रुपेरी पाठीचा प्रौढ नर कुटुंबाचा रक्षक असतो. रोज संध्याकाळी प्रत्येक जण फांद्या-पाने वाकवून आपले निराळे घरटे करतो. हे सारे त्यांनी १९६३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. विरुंगात चारशे ते पाचशे गोरिले असावेत असा त्यांचा अंदाज होता. आपल्यासाठी एक जिव्हाळ्याची गोष्ट अशी, की पुढे शॅलर १९६३ मध्ये आपल्याच प्रांतात, कान्ह्याला आले आणि वाघ व हरणे यांचा अभ्यास केला. विरुंगात घेतलेली शिस्त त्यांनी कान्ह्यात वापरली. वाघाच्या शास्त्रीय अभ्यासाचा भारतातील पाया तेथे घातला गेला.

याच सुमारास डोंगराच्या युगांडाकडील अंगाला एक वेगळाच प्रयोग चालू होता. किसोरो या गावी वॉल्टर बाउमगार्टेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १९५५ मध्ये एक लहानसे हॉटेल घेतले. 'ट्रॅव्हलर्स रेस्ट' हे त्याचे नाव. पाहुण्यांना गोरिले दाखवावेत ही त्याची कल्पना. रूबेन र्वान्झागिरे हा त्याचा वाटाड्या पाहुण्यांना घेऊन रान तुडवीत असे. गोरिलांनी एका ठिकाणी यावे म्हणून त्यांनी ऊस, केळी वगैरे ठेवून पाहिले. गोरिलांनी ढुंकूनही पाहिले नाही. बाउमगार्टेलने अभ्यासकांना पत्रे लिहिली, लुई लीकी यांचे लक्ष वेधले. शॅलर आणि फॉसी दोघेही त्याच्याकडे उतरले होते. गोरिला-पर्यटनाच्या इतिहासात या भोळ्या, उत्साही हॉटेलवाल्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे असे मला वाटते. बंदुकीवाचून केवळ पाहण्यासाठी लोक पैसे देतील, हे त्याने इतरांच्या पंचवीस वर्षे आधी ओळखले होते.

डायन फॉसी यांची कथा १९८८ च्या चित्रपटामुळे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल, म्हणून मी ती लांबवीत नाही. केंटकीतील एका रुग्णालयात अपंग मुलांवर व्यवसायोपचार करणाऱ्या या बाई लीकी यांच्या प्रोत्साहनाने काबाराला आल्या. कांगोतील यादवीमुळे सहा महिन्यांतच त्यांना तेथून निघावे लागले. २४ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी रवांडाच्या बाजूला, कारिसिम्बी आणि विसोके या दोन पर्वतांमधील खिंडीत, दोन्ही नावे जोडून 'कारिसोके' नावाचे ठाणे उभारले. नाकावरच्या वळ्या प्रत्येक गोरिलाच्या निराळ्या असतात. त्यांची चित्रे काढून त्यांनी एकेकाला ओळख आणि नाव दिले. ज्याला नाव असते त्याच्या मरणाची बातमी होते. वाकड्या बोटामुळे ज्याला त्यांनी डिजिट म्हटले होते, तो ३१ डिसेंबर १९७७ रोजी कुटुंबाला वाचवताना भाल्यांनी मारला गेला. डोके आणि हात कापून नेले. त्याआधी रवांडाच्या पर्यटन खात्याने त्याच डिजिटचे छायाचित्र भित्तिपत्रकावर छापले होते, आणि मजकूर असा होता की रवांडात येऊन मला भेटा.

फॉसी यांना मात्र पर्यटक नको होते. त्यांना पहारा हवा होता. पकडलेल्या चोरट्या शिकाऱ्यांना त्यांनी दिलेली वागणूक कठोर आणि पुष्कळदा कायद्याच्या बाहेरची होती. १९८५ च्या डिसेंबरात त्यांच्याच झोपडीत त्यांचा खून झाला. त्या प्रकरणी धरलेला त्यांचा एक जुना स्थानिक पागी तुरुंगातच मरण पावला. खुनाचे गूढ आजवर सर्वांना पटेल असे उकललेले नाही.

पण त्या डोंगराचा खरा इतिहास मला भाल्यापेक्षा नांगरात दिसतो. रवांडा हा आफ्रिकेतील अत्यंत दाट वस्तीचा देश. ज्वालामुखीची काळी माती सोन्यासारखी. १९६९ मध्ये उद्यानातील सुमारे दहा हजार हेक्टर जमीन मोडून तेथे पायरेथ्रमची लागवड झाली. शेवंतीच्या जातीचे हे पांढरे फूल. त्यापासून कीटकनाशक करतात. युरोपीय बाजारासाठी, युरोपीय निधीच्या साह्याने, आफ्रिकेतले अरण्य तुटले. सत्तरीच्या दशकात विरुंगातील गोरिलांची मोजणी झाली तेव्हा संख्या पावणेतीनशेच्या आसपास आली. १९८१ मध्ये ती अडीचशे. ही मोजणीही पागीच करतात. कळपाच्या मागावरून जायचे, रात्रीची घरटी मोजायची, प्रत्येक घरट्यातील विष्ठेच्या आकारावरून प्रौढ की पिल्लू ते ठरवायचे. मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होते. फाशात एक गेला तर ती भर लवकर निघत नाही. आणि फास तर बहुतेक वेळा लहान हरणासाठी लावलेला असतो.

१९७८ मध्ये उद्यानातील आणखी पाच हजार हेक्टर जमीन गुरांच्या पैदाशीसाठी काढून घेण्याचा विचार सरकारात चालू होता. त्याच वर्षी एमी व्हेडर आणि बिल वेबर हे तरुण अमेरिकन दांपत्य कारिसोकेला आले होते. व्हेडर गोरिले काय खातात याचा अभ्यास करीत. वेबर खाली उतरून शेतकऱ्यांना प्रश्न विचारीत. आजवर डोंगरावर आलेला प्रत्येक पाहुणा वर पाहत होता. खाली पाहणारा हा पहिला. शेतकऱ्यांचे म्हणणे त्यांनी उतरवून घेतले: अरण्याने आम्हांला काय दिले? प्रश्न रास्त होता. पाऊस आणि झरे अरण्यामुळे टिकतात हे पुष्कळांना ठाऊक होते, पण त्याने कोणाचे पोट भरत नव्हते. तेव्हा या दोघांनी सरकारपुढे हिशेब मांडला. गुरांपासून मिळेल त्याहून अधिक उत्पन्न जिवंत गोरिले देतील. मात्र पर्यटक मोजके, वेळ मोजका आणि दर मोठा पाहिजे. १९७९ मध्ये काही संस्थांनी मिळून ही योजना सुरू केली. निवडक कुटुंबांना माणसाची सवय लावायची. या कामाला महिने, कधी वर्षे लागतात. पागी रोज जातात, दूर बसतात, गोरिलासारखा घसा खाकरतात, खाण्याचे नाटक करतात. नर धावून आला तर पळायचे नाही, मान खाली घालून बसून राहायचे. हे बसून राहणारे बहुतेक आजूबाजूच्या गावांतलेच.

नियम तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. एका कुटुंबाला दिवसातून एकच तुकडी, पुढे ती आठ जणांची झाली. भेट एका तासाची. सर्दी-खोकला असलेल्याने खाली थांबायचे. हा शेवटचा नियम शिष्टाचाराचा नव्हे. आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनिया होऊन मारू शकते. १९८८ मध्ये रवांडाच्या गोरिलांत गोवरासारखी साथ आली असता बंदुकीतून लशीच्या सुया मारण्यात आल्या. बेरिंगेनंतर शहाऐंशी वर्षांनी पुन्हा बंदूक, पण या वेळी औषधाची. युगांडात ब्विंडी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९३ पासून तेथेही पाहुणे जाऊ लागले. १९९६ मध्ये तेथील गोरिलांना खरूज झाली, ती माणसांच्या कपड्यांवाटे आली असे दिसून आले. त्या वेळी नुकत्याच कामावर आलेल्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी निदान केले, आणि गोरिला निरोगी हवा तर गाव निरोगी हवे, हे ओळखून २००३ मध्ये दोघांच्या आरोग्याचे काम एकत्र करणारी संस्था काढली.

येथवर ऐकून हा सौदा सुखाचा झाला असे वाटेल. तो कोणाच्या खर्चाने झाला, ते पाहिले पाहिजे. ब्विंडीच्या अरण्यात बात्वा नावाचे लोक राहत. शिकार, मध, कंदमुळे यांवर जगणारे. गोरिला त्यांचे भक्ष्य नव्हते. १९९१ मध्ये उद्यान झाले आणि त्यांना जवळजवळ काहीही भरपाई न देता बाहेर काढण्यात आले. जमीनदारांच्या शेतांवर मजुरी आणि रस्त्यावर भीक, एवढेच अनेकांच्या नशिबी आले. पर्यटकांना नाच करून दाखवणे हा पुढे त्यांच्यापैकी काहींचा व्यवसाय झाला. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तीस वर्षांनी. आणि आपण हात झटकून हे ऐकू नये. कान्ह्यातील बैगांची आणि गोंडांची वनग्रामे १९६९ नंतर हलवली गेली, बारशिंगे आणि वाघ वाढले, आपण सुट्टीत जाऊन ते पाहून आलो. ज्या कुरणांत बारशिंगे चरतात तेथे कोणाची शेते होती, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? मी तरी तेव्हा विचारले नव्हते.

१९९० मध्ये रवांडात युद्ध सुरू झाले आणि ते याच ज्वालामुखींच्या उतारांवरून लढले गेले. चित्रपटात झळकलेला म्रिथी हा नर १९९२ मध्ये गोळी लागून मेला. एप्रिल १९९४ मध्ये जो नरसंहार सुरू झाला, त्यात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. जुलैत लाखो निर्वासित सीमा ओलांडून गोमा शहराभोवती येऊन पडले आणि रोज हजारो माणसे सरपणासाठी विरुंगाच्या अरण्यात शिरू लागली. आश्चर्य असे, की गोरिले बहुतांशी वाचले. त्या वर्षी परदेशांतून गोरिलांची विचारपूस होई. त्या विचारपुशीचा मला राग येत असे. आजही थोडा येतो. परंतु हेही खरे, की कारिसोके उद्ध्वस्त झाल्यावर, परदेशी अभ्यासक निघून गेल्यावर, ज्यांची स्वतःची घरे उजाड झाली होती असे स्थानिक पागी संधी मिळेल तेव्हा पुन्हा वर जात राहिले. गोरिले हे त्यांना जगाने सोपवलेले काम नव्हते. त्यांचे स्वतःचे होते. एवढे ध्यानात आल्यावर राग जरा निवतो.

१ मार्च १९९९ रोजी ब्विंडीत रवांडाच्या बंडखोरांनी आठ परदेशी पर्यटक आणि एक युगांडी उद्यान-अधिकारी यांना ठार केले. त्याच वर्षी रवांडाच्या बाजूचे उद्यान पाहुण्यांना पुन्हा उघडले, हे धाडसच म्हणायचे. कांगोच्या बाजूला तर शांतता अशी आलीच नाही. जुलै २००७ मध्ये सेन्क्वेक्वे हा नर आणि त्याच्या कुटुंबातील माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांस नेले नाही, पिल्ले नेली नाहीत. लोणारी कोळशाचा चोरटा व्यापार रोखणाऱ्या वनरक्षकांना तो इशारा होता. विरुंगाच्या कांगो भागात आजवर दोनशेहून अधिक वनरक्षक कामावर असताना मारले गेले. एप्रिल २०२० मध्ये एकाच हल्ल्यात बारा. २०२१ च्या अखेरीस तेथे पुन्हा बंड पेटले आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहरही बंडखोरांच्या हाती गेले.

आणि तरीही संख्या वाढली. २०१५-१६ च्या मोजणीत विरुंगात ६०४, २०१८ च्या मोजणीत ब्विंडी आणि लगतच्या भागात ४५९, एकूण १,०६३. माणसाखेरीजच्या महावानरांत ज्याची संख्या वाढते आहे असा हा दुर्मीळ अपवाद. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' या वर्गात घेतले गेले. पण अरण्य तेवढेच आहे. कुटुंबे वाढली, भांडणे वाढली. म्हणून रवांडाने आता उद्यानाची हद्द जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढवण्याची योजना आखली आहे. १९६९ मध्ये तोडलेले थोडे परत मिळेल. तेथे आज शेती करणाऱ्यांना नवी घरे बांधून देत आहेत. घरे चांगली आहेत असे ऐकतो. काळी माती त्या घरांबरोबर जात नाही.

आता माझ्या चढणीविषयी. २०१८ मध्ये माझी मुलगी नोकरीनिमित्त किगालीत होती. परवान्याचा दर आदल्या वर्षी दुप्पट होऊन दीड हजार डॉलर झाला होता. आपले लाखाहून अधिक रुपये. निवृत्त मास्तराने एका तासासाठी एवढे पैसे खर्चावेत का, यावर घरात दोन दिवस वाद झाला. मी विरुद्ध बाजूने बोललो आणि हरलो. या रकमेचा दहावा हिस्सा भोवतालच्या गावांतील शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांसाठी जातो. पूर्वी तो पाच टक्के होता. नऊ हिस्से कोठे जातात, हे विचारण्याची मास्तरी सवय तेथेही सुटली नाही.

सकाळी सातला किनिगी येथे आम्ही जमलो. आठ-आठ जणांच्या तुकड्या झाल्या. आमच्या वाट्याला आलेले कुटुंब साब्यिन्योच्या उतारावर होते; बेरिंगे जेथे चढला तोच पर्वत. पहिला तासभर बटाट्याची आणि पायरेथ्रमची शेते. मग कमरेइतक्या उंचीचा दगडी बांध. रानम्हशींनी शेतांत उतरू नये म्हणून घातलेला. शेत आणि अरण्य यांच्यामध्ये एक पावलाचेही अंतर नाही. बांधाच्या अलीकडे ऊन, पलीकडे बांबूचा ओला काळोख. आग्यासारखी पाने मोज्यांतून टोचत होती. माझी पिशवी एका तरुण हमालाने घेतली होती आणि चिखलात माझा हातही तोच धरी. वाटाड्याच्या मध्यस्थीने मी त्याला विचारले, तू किती वेळा गोरिले पाहिलेस? तो म्हणाला, आम्ही पिशव्यांपाशी थांबतो, पुढे आम्हांला नेत नाहीत; नऊ वर्षे येतो आहे; एकदा कळप बांध ओलांडून आमच्या शेताकडे आला तेव्हा पाहिला. एवढे सांगून तो हसला. मला काय बोलावे ते सुचले नाही.

पहाटेच निघालेले पागी पुढे होते. आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून त्यांनी माग धरला होता आणि बिनतारी यंत्रावरून वाटाड्याशी बोलत होते. एका वळणावर त्यांनी काठ्या खाली ठेवायला सांगितल्या. पिशव्या आणि हमाल तेथेच राहिले. पुढच्या वीस पावलांत रान थोडे उघडले, आणि ज्याला मी काळा खडक समजलो होतो त्याने मान वळवली.

त्या तासाचे वर्णन मी करू शकेन असे वाटत नाही. नराची पाठ चंदेरी होती आणि तो एका काटेरी रोपाची साल दातांनी अशी सोलत होता की उसाची आठवण यावी. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पाहण्याजोगे काही नाही असे ठरवले. दोन पिल्ले एकमेकांवर लोळत होती. एक आमच्या दिशेने आले तेव्हा वाटाड्याने आम्हांलाच मागे ढकलले, कारण तेव्हाचा सात मीटरांचा नियम त्यांना लागू नव्हता. एका मादीच्या उजव्या हाताला पंजा नव्हता. हरणाचा फास, वाटाड्या कानाशी म्हणाला. ती डाव्या हाताने देठ ओढी, मनगटाच्या थोटाने दाबून धरी आणि पिल्लाला कुशीत घेऊन खात राही. माझ्याजवळ कॅमेरा होता. बराच वेळ तो काढायचे मला सुचले नाही, आणि सुचले तेव्हा माझ्या पुढे उभ्या असलेल्या तरुण पागीचा खांदा मध्ये येत होता. त्याला बाजूला हो म्हणावेसे वाटले नाही. ते छायाचित्र माझ्याकडे आहे : अर्धे खांद्याचे, अर्धे तिचे.

तास संपल्याची खूण झाली. आम्ही वळलो, पिशव्यांपाशी आलो, हमालांनी पुन्हा हात दिले. दोघे पागी मात्र आमच्याबरोबर उतरले नाहीत. कुटुंब रात्रीसाठी कोठे घरटी करते ते पाहून, ती जागा नोंदवून मगच ते खाली येतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तेथूनच पुढचा माग धरतात. दुपारी पाऊस आला. बांधापाशी थांबून मी मागे पाहिले तेव्हा बांबूच्या वर ढग उतरले होते आणि वरून कोणीतरी घसा खाकरल्याचा आवाज येत होता. माणसाचा की गोरिलाचा, ते ओळखता येईना.